डोंगरगडचा ग्रॅनाइट काय सांगतो



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांविषयी बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. ते काम इतर वक्ते माझ्याहून चांगले करतील. मी आज आपले लक्ष सुमारे अडीचशे कोटी वर्षांकडे वेधू इच्छिते.

आपली मुले मराठी पुस्तकांतून सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट शिकतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर हीच जणू मराठी माणसाची भूमी, असा समज त्यातून होतो. आपण मात्र भिलाईत राहतो. आपल्या पायाखाली प्राचीन समुद्रात साचलेले चुनखडक व शेल आहेत. नंदिनीच्या खाणीतील चुनखडक त्यांपैकीच. नागपूरची गाडी धरली की डोंगरगडला आपण खिडकीतूनच बम्लेश्वरीला हात जोडतो. ज्या ग्रॅनाइटला भूशास्त्रज्ञांनी डोंगरगडचे नाव दिले, तो याच मुलखातला. पुढे दरेकसा-सालेकशाकडे रायोलाइट लागतो. ग्रॅनाइटसारखाच शिलारस भूपृष्ठावर येऊन झटकन थिजला की रायोलाइट होतो. खोलवर सावकाश थिजला की डोळ्यांना दिसतील असे क्वॉर्ट्झ, फेल्स्पार आणि अभ्रकाचे दाणे तयार होतात. ‘ग्रॅनाइट’ हा शब्दच दाण्यावरून आला आहे, हे भाषेची विद्यार्थिनी म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही.

भूकवचाचे पट्ट सरकतात, एकमेकांवर आदळतात, दुरावतात, हे आज शाळेत शिकवले जाते. पण कोट्यवधी वर्षांपूर्वीही ते तसेच सरकत होते काय? महासागराच्या तळाला हे विचारून उपयोग नाही. तो तळ सतत नवा होतो आणि जुना पृथ्वीच्या पोटात जातो; तेथील बहुतेक सारे खडक 20 कोटी वर्षांहून तरुण आहेत. जुनी साक्ष उरली आहे ती खंडांवर, आणि तिचा मोठा भाग ग्रॅनाइटमध्ये.

या साक्षीचा पहिला भाग काळाचा. ग्रॅनाइटमध्ये झिर्कॉन नावाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. घडताना ते थोडे युरेनियम सामावून घेतात. शिशाला मात्र जवळजवळ प्रवेश नाकारतात. पुढे युरेनियमचे शिसे होत जाते. युरेनियम-238 निम्मे होण्यास सुमारे 447 कोटी वर्षे लागतात, म्हणून दोहोंचे प्रमाण मोजले की स्फटिकाचे वय कळते. डोंगरगडच्या ग्रॅनाइटचे वय सुमारे 250 कोटी वर्षे येते. ज्या दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर आपल्या कारखान्याची भट्टी 1959 साली पेटली, त्या परिसरातील एका ग्रॅनाइटचे वय तर सुमारे 358 कोटी वर्षे असल्याचे 2009 साली प्रसिद्ध झाले. असा पोटॅशियमयुक्त ग्रॅनाइट व्हायचा तर आधीचे कवच पुन्हा वितळावे लागते. म्हणजे त्या काळीही येथे पुरेसे जाड कवच असले पाहिजे.

दुसरा भाग जन्मस्थळाचा, आणि येथे खरी गंमत आहे. समुद्रतळाचा पट्ट दुसऱ्या पट्टाखाली शिरतो, तेव्हा तो पाणी घेऊन जातो. त्या पाण्यामुळे वरचे प्रावरण कमी तापमानाला वितळते, आणि त्या शिलारसात नायोबियमसारखी मूलद्रव्ये कमी राहतात. याउलट कवच ताणून फाटू लागले, की खालून उष्णता वर येते. तेथील शिलारस तुलनेने कोरडा असतो आणि त्यात ही मूलद्रव्ये अधिक आढळतात. बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडचा ग्रॅनाइट जवळपास डोंगरगडच्याच वयाचा. तेथील तांब्याचे साठे आजच्या अँडीज पर्वतातील साठ्यांची आठवण करून देतात, म्हणून काही संशोधक तेथे एक पट्ट दुसऱ्याखाली शिरत होता असे मानतात. डोंगरगडबाबत मात्र एकमत नाही. काहींना त्यात पट्टांची टक्कर दिसते, काहींना फाटणारे खंड.

एकाच दगडाचे दोन अर्थ कसे निघतात? आजीची म्हण नातवाच्या तोंडी यावी, तशी जुन्या कवचाची रासायनिक लक्षणे त्याच्या वितळण्यातून जन्मलेल्या ग्रॅनाइटमध्ये उतरतात. लक्षण नातवाचे की आजीचे, हे ठरवणे अवघड होऊन बसते. वय बऱ्यापैकी पक्के. जन्मकथा मात्र काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

“बाई, मग परीक्षेत काय लिहायचे?” असे नववीतील एका मुलीने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. आपल्या परीक्षापद्धतीत दोन मतांना गुण कमी मिळतात, याची खंत मला आहे. तरीही मी तिला दोन्ही मते पुराव्यांसह लिहायला सांगितले, आणि गुण कापले गेल्यास मी शिक्षकांशी बोलेन, असा शब्द दिला. सहकाऱ्यांनो, तो शब्द आता तुमच्या साक्षीने दिला आहे.

डोंगरगडला हजाराहून अधिक पायऱ्या चढून आपण वर जातो आणि दर्शन घेऊन उतरतो. यंदाच्या सहलीत मुलांच्या हाती भिंगे असतील. टेकडीवरचा दगड कोणी फोडायचा नाही; पायथ्याजवळ सुटा पडलेला तुकडा मिळाला तर तेवढाच आणायचा. प्रयोगशाळेतील कपाटात बेसॉल्टशेजारी एक कप्पा रिकामा करून ठेवला आहे. त्यावरची चिठ्ठी मुलांनीच लिहिली आहे: ‘डोंगरगड ग्रॅनाइट. वय सुमारे 250 कोटी वर्षे. उत्पत्तीविषयी दोन मते.’