वाणीतील पार्श्वगोंगाट : आकडा आणि त्यामागचे गृहीतक



ध्वनिमुद्रण, दूरसंचार, भाषाविज्ञान आणि संगणकशास्त्र अशा निरनिराळ्या क्षेत्रांतून या परिषदेस आलेल्या अभ्यासकांच्या कामात एक प्रश्न समान आहे. हाती आलेल्या ध्वनिमुद्रणात बोलणे किती आणि गोंगाट किती, हा तो प्रश्न होय. माइकपाशी हवेच्या दाबातील चढउतारांची एकच लहर पोचते. बोलणाऱ्याचा आवाज, पंख्याची घरघर, रस्त्यावरची रहदारी हे सारे तिच्यात मिसळलेले असते आणि संगणकाच्या हाती येते ती केवळ त्यांची बेरीज. बेरीज ठाऊक आहे पण बेरजेतील दोन्ही संख्या अज्ञात आहेत, अशा स्थितीत एक संख्या काढायची तर दुसरीविषयी काहीतरी गृहीत धरावेच लागते. पार्श्वगोंगाटाची पातळी म्हणून जो आकडा अहवालांतून छापला जातो तो म्हणूनच अनुमानाचा आकडा असतो, आणि ज्या गृहीतकावर ते अनुमान उभे आहे ते सांगितल्याखेरीज त्या आकड्याला पुरेसा अर्थ येत नाही, हे प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन आहे.

प्रथम संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. जो ध्वनी अभ्यासाचा विषय नाही आणि बोलण्याच्या मागे कमीअधिक सातत्याने चालू राहतो, त्याला येथे पार्श्वगोंगाट म्हटले आहे. त्याची पातळी डेसिबलमध्ये सांगतात. डेसिबल हे दोन शक्तींच्या गुणोत्तराचे लॉगरिदमी माप असल्यामुळे शक्ती दुप्पट झाली की पातळी सुमारे ३ डेसिबलने आणि शंभरपट झाली की २० डेसिबलने वाढते. गुणोत्तर म्हटले की ते कशाशी, हे सांगणे आलेच. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही जी मर्यादा घातलेली आहे, ती प्रमाणित मापकाने हवेत घेतलेल्या नोंदीला लागू पडते. ध्वनिमुद्रणाच्या फाइलमधील डेसिबल मात्र त्या फाइलमध्ये मावू शकणाऱ्या कमाल पातळीपासून खाली मोजले जातात, आणि म्हणून ते ऋण संख्यांत येतात. माइकची संवेदनक्षमता आणि रेकॉर्डरची पातळी ठाऊक नसेल, तर फाइलमधील आकड्यावरून खोलीत किती गोंगाट होता हे सांगता येत नाही. सांगता येते ते बोलण्याच्या आणि गोंगाटाच्या शक्तींचे गुणोत्तर, ज्याला व्यवहारात एसएनआर म्हणतात.

हे गुणोत्तर काढण्याची सर्वांत परिचित रीत म्हणजे बोलणे चालू असतानाची पातळी घ्यावी, विरामातील पातळी घ्यावी आणि वजाबाकी करावी. या रीतीत एक चूक वारंवार होते. बोलणे चालू असतानाच्या पातळीत गोंगाटही सामील असतो. तेव्हा बोलतानाची पातळी विरामातील पातळीपेक्षा ३ डेसिबलने अधिक आढळली, तर एकूण शक्ती गोंगाटाच्या दुप्पट आहे, अर्थात बोलणे आणि गोंगाट समसमान आहेत आणि खरा एसएनआर ३ नसून ० डेसिबल आहे. फरक २० डेसिबलचा असेल तेव्हा ही दुरुस्ती नगण्य ठरते, पण बाजारपेठेत किंवा एसटीच्या स्थानकावर केलेल्या मुद्रणात निष्कर्ष फिरवण्याइतकी ती मोठी असते.

विरामांवर विसंबणाऱ्या या रीतीचे मूळ गृहीतक असे की विराम ओळखता येतो आणि विरामात जो गोंगाट आहे तोच बोलण्याच्या वेळीही असतो. यूटा विद्यापीठातील स्टीव्हन बोल यांनी १९७९ साली मांडलेली वर्णपट-वजाबाकीची पद्धत याच पायावर उभी आहे : बोलणे नसलेल्या काळातील गोंगाटाचा सरासरी वर्णपट, म्हणजे निरनिराळ्या वारंवारतांवर शक्ती कशी विभागली आहे याचा आलेख, काढावा आणि पुढील प्रत्येक क्षणाच्या वर्णपटातून तो वजा करावा. स्थिर गोंगाटात ही पद्धत चांगली चालते. मोबाइल फोनवरून आलेल्या आवाजात मात्र तिचा पायाच डळमळतो, कारण जीएसएमपासूनच्या दूरध्वनी व्यवस्थांत, बोलणारा थांबला की फोन पूर्ण ध्वनी पाठवणे बंद करू शकतो. तो अधूनमधून गोंगाटाचे केवळ स्थूल वर्णन पाठवतो आणि ऐकणाऱ्याला फोन बंद पडल्यासारखे वाटू नये म्हणून पलीकडचे यंत्र त्या वर्णनाबरहुकूम कृत्रिम गोंगाट निर्माण करते. अभियंते त्याला कम्फर्ट नॉइज म्हणतात. अशा मुद्रणातील विराम मोजणारा अभ्यासक बाजारातील कलकलाट मोजत नाही, यंत्राने तयार केलेला गोंगाट मोजतो. ज्या उपकरणांत आवाजाची पातळी आपोआप वरखाली करण्याची सोय असते त्यांचीही हीच गत आहे, कारण बोलणे थांबताच उपकरण संवेदनक्षमता वाढवते आणि विरामातील गोंगाट मूळ प्रमाणापेक्षा फुगून येतो.

विराम ओळखण्याची ही अडचण टाळणारा विचार जर्मन अभियंते राइनर मार्टिन यांनी १९९४ मध्ये मांडला आणि २००१ मधील शोधनिबंधात तो विस्ताराने सिद्ध केला. बोलणे चालू असतानाही प्रत्येक वारंवारता-पट्ट्यातील शक्ती अधूनमधून गोंगाटाच्या पातळीपर्यंत उतरते, कारण शब्दाशब्दांत, अक्षराअक्षरांत आणि स्वरांच्या अनुनादांमध्ये मोकळ्या जागा असतात. म्हणून प्रत्येक पट्ट्यातील अलीकडच्या काळातील किमान मूल्य शोधले, तर ते गोंगाटाचा माग देते. किमान-सांख्यिकी या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. दूरध्वनीच्या दर्जाचा, सेकंदाला ८००० नमुन्यांचा संकेत घेतला आणि त्याचे ३२ मिलिसेकंदांचे तुकडे पाडले, तर प्रत्येक तुकड्यात २५६ नमुने येतात आणि वर्णपटाचे पट्टे ३१.२५ हर्ट्झच्या अंतराने पडतात. तुकडे एकमेकांवर निम्मे चढवले, तर दर १६ मिलिसेकंदांनी प्रत्येक पट्ट्यात एक नवे मूल्य मिळते आणि दीड सेकंदाच्या कालखिडकीत अशी सुमारे ९४ मूल्ये जमा होतात. त्यांतील सर्वांत लहान मूल्य ते किमान.

येथेच पहिला अडथळा येतो. गोंगाट स्थिर असला तरी क्षणाक्षणाची शक्ती सरासरीभोवती फार हेलकावे खाते, आणि किमान म्हणजे त्या हेलकाव्यांचा तळ. परस्परांपासून स्वतंत्र मानलेल्या ९४ कच्च्या मूल्यांचे किमान, नेहमीच्या सांख्यिकीय प्रतिमानानुसार, खऱ्या सरासरीच्या सुमारे चौऱ्याण्णवाव्या भागाइतके, अर्थात जवळजवळ २० डेसिबलने खाली येते. त्यामुळे किमान शोधण्याआधी मूल्ये कालानुसार गुळगुळीत करून घ्यावी लागतात आणि नंतरही उरलेली तूट हिशेबाने भरून काढावी लागते. मार्टिन यांच्या २००१ च्या निबंधातील महत्त्वाचा भाग या दोन दुरुस्त्यांचाच आहे. जो अभ्यासक किमान घेतो आणि तूट भरत नाही, त्याला प्रत्येक मुद्रण असते त्याहून स्वच्छ दिसते.

दुसरा प्रश्न कालखिडकीच्या लांबीचा. शेतातील पंप मध्येच सुरू झाला, तर जुनी शांत मूल्ये खिडकीबाहेर पडेपर्यंत किमान वर चढत नाही, त्यामुळे साधारण खिडकीएवढा काळ गोंगाटाचा अंदाज कमीच राहतो. यावर उपाय म्हणून खिडकी आखूड केली, तर दीर्घ स्वरच गोंगाटात गणला जातो. कीर्तनकाराने लांबवलेला सूर किंवा गायकाचा आकार दीड सेकंद सहज टिकतो, आणि तानपुरा तर अखंड चालू असतो. या पद्धतीच्या दृष्टीने तानपुरा आणि पंखा यांत तत्त्वतः भेद नाही. बोलण्यासाठी घडवलेल्या गोंगाटनिवारणाच्या सोयी चालू ठेवून घेतलेल्या ऑनलाइन गायनवर्गांत तानपुऱ्याचा सूर विरतो, याचे मूळ या गृहीतकात आहे : जे टिकून राहते ते गोंगाट, जे बदलते ते बोलणे.

यानंतरच्या पद्धतींचा निर्देश थोडक्यात पुरे. इस्रायल कोहेन यांनी किमान मूल्याच्या आधारे प्रत्येक पट्ट्यात बोलणे असण्याची संभाव्यता ठरवून त्या प्रमाणात सरासरी अद्ययावत करण्याची रीत मांडली. टिमो गेर्कमान आणि रिचर्ड हेंड्रिक्स यांनी २०१२ मध्ये याच प्रश्नाला कमी विलंबाचे आणि कमी आकडेमोडीचे उत्तर दिले. चान्वू किम आणि रिचर्ड स्टर्न यांची २००८ ची पद्धत विराम किंवा किमान यांपैकी काहीच शोधत नाही. स्वच्छ बोलण्याच्या लहरीची उंची गॅमा या सांख्यिकीय वितरणाप्रमाणे आणि गोंगाटाची उंची गाउसच्या वितरणाप्रमाणे विखुरलेली असते असे मानून ती मिश्रणाच्या विखुरण्यावरून थेट एसएनआर सांगते. पार्श्वभूमीला इतर माणसांचे बोलणे असेल तर हे गृहीतक ढासळते, कारण तेव्हा गोंगाटही बोलण्याच्याच वितरणाकडे झुकतो. न्यूरल जाळ्यांवर आधारलेल्या अलीकडच्या पद्धती क्षणिक गोंगाट अधिक चांगला ओळखतात, परंतु त्यांतही गृहीतक असतेच. ते सूत्रात लिहिलेले नसून प्रशिक्षणासाठी निवडलेल्या ध्वनींत दडलेले असते, आणि म्हणून तपासायला अधिक अवघड असते. त्यातच हे प्रशिक्षण बहुधा शांत खोलीतील बोलण्यात गोंगाट मिसळून केले जाते. गोंगाटात माणूस आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्येच दाखवलेले असल्यामुळे असे मिश्रण बाजारातील खऱ्या बोलण्याचे प्रतिनिधित्व पुरेपूर करीत नाही.

अंदाज चुकला तर बिघडते काय, याचे उत्तर चूक कोणत्या बाजूची आहे यावर अवलंबून आहे. गोंगाट कमी धरला, तर त्याचा काही अंश निवारणानंतर शिल्लक राहतो आणि वर्णपटात विखुरलेल्या सुट्या कणांमुळे किणकिणल्यासारखे विचित्र स्वर ऐकू येतात, ज्यांना अभियंते म्युझिकल नॉइज म्हणतात. गोंगाट जास्त धरला, तर बोलण्याचाच काही भाग कापला जातो, आणि जो भाग प्रथम जातो तो नेमका गोंगाटासारखा दिसणारा असतो. मराठीच्या अभ्यासकांनी या दुसऱ्या चुकीकडे अधिक लक्ष द्यायला हवे. ‘स’ आणि ‘श’ यांतील घर्षण, ‘ख’, ‘थ’ यांतील श्वासाचा झोत, ‘म्ह’ आणि ‘न्ह’ यांतील श्वासयुक्त घोष हे सर्व ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने गोंगाटसदृश आहेत. ‘चाक’ मधील दंत्य ‘च’ आणि ‘चहा’ मधील तालव्य ‘च’ यांतील भेदही मुख्यतः घर्षणाची शक्ती कोणत्या वारंवारतांवर एकवटली आहे यात असतो. दंत्य ‘च’चे घर्षण अधिक वरच्या पट्ट्यात जाते आणि ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पारंपरिक दूरध्वनी-पट्ट्यात ते आधीच बरेचसे हरवलेले असते. त्यावर गोंगाटाचा फुगवलेला अंदाज वजा केला, तर उरलासुरला पुरावाही नाहीसा होतो. अशा शुद्ध केलेल्या मुद्रणावरून एखाद्या बोलीत हा भेद उरलेला नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे साधनाचा दोष बोलणाऱ्याच्या माथी मारणे होय.

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. शेतमालाचे बाजारभाव फोनवर विचारता यावेत यासाठी मुंबईतील आयआयटी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील संशोधकांनी मराठी वाणीची जी सामग्री जमवली, ती राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी मोबाइल फोनवर उच्चारलेली होती आणि तिच्यात त्यांच्या भोवतालचा गोंगाट सहजच आलेला होता. अशा सामग्रीत गोंगाट वगळण्याजोगा केर नसतो. वापरणारा कोठून बोलणार आहे याची ती माहिती असते. बोलींची क्षेत्रीय मुद्रणे, लोकगीतांचे संग्रह, आकाशवाणीच्या जुन्या फिती यांचे अंकीकरण करताना हाच विवेक पाळावा लागतो, कारण फितीची सळसळ आणि वक्त्याचा श्वास यांतील सीमा कोणतीही पद्धत निर्विवादपणे आखू शकत नाही.

या विवेचनातून परिषदेपुढे पाच सूचना ठेवाव्याशा वाटतात. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी आणि अखेरीस बोलण्याविना काही सेकंद त्याच जागेचा आवाज मुद्रित करावा, ज्यामुळे विराम शोधण्याच्या गृहीतकाची गरजच कमी होईल. मुद्रण करताना पातळी आपोआप बदलणारी आणि गोंगाट निवारणारी सोय बंद ठेवावी, आणि ते शक्य नसेल तर तशी नोंद करावी. गोंगाटाचा आकडा देताना पद्धत, कालखिडकी, वारंवारता-पट्टा आणि आवाज फोनवरून आला की थेट, हे त्याच्याबरोबर द्यावे. शक्य तेथे भिन्न गृहीतकांच्या दोन पद्धतींचे आकडे शेजारीशेजारी द्यावेत, कारण ते जुळले तर विश्वास वाढतो आणि जुळले नाहीत तर नेमके कोठे ऐकावे हे कळते. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की शुद्ध केलेली प्रत कितीही सुश्राव्य असली, तरी मूळ मुद्रण नष्ट करू नये. गोंगाटाचे अंदाज सुधारत आलेले आहेत आणि पुढेही सुधारतील, परंतु त्या सुधारणेचा लाभ ज्यांची मूळ प्रत जपली गेली आहे अशाच मुद्रणांना मिळेल.