आपल्या घराला किती तारे?



मंडळाच्या वाढदिवशी पाककृतींवर किंवा मुलांच्या संगोपनावर बोलावे, असा आपला रिवाज आहे. मी आज घरातील विजेविषयी बोलणार आहे. बिल भरायला कोणीही जावो, वैशाखातल्या दुपारी त्या घरात राबत असते कोण, हे मी आपणांस सांगायला नको.

फ्रिजच्या दारावर ताऱ्यांची पट्टी असते, ती आपण सर्वजणींनी पाहिली आहे. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि २००६ पासून विजेच्या वस्तूंना एक ते पाच तारे मिळू लागले. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यालाही ते सक्तीचे झाले आहेत. मात्र नुसते तारे मोजून थांबू नये. त्याच पट्टीवर फ्रिजला वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा असतो; तो वाचावा. पट्टी कोणत्या काळाची आहे तेही पाहावे, कारण कसोटी वेळोवेळी कडक होत जाते.

आता थोडा हिशेब करू. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा रोज पंधरा तास फिरला, तर महिन्याला सुमारे ३४ युनिट खातो. तीस वॅटचा नवा पंखा तेवढ्याच वेळात साडेतेरा युनिट घेतो. घरात दोन पंखे असतील, तर महिन्याला चाळीस युनिटांचा फरक पडला. महावितरणच्या घरगुती दरात शंभराच्या वरच्या युनिटांना चढा दर लागतो, म्हणून हा फरक आपल्या डाळ-तांदळाच्या पैशापर्यंत येऊन पोहोचतो. नवा पंखा महाग पडतो हे खरे. म्हणून जो सर्वांत जास्त वेळ फिरतो तो आधी बदलावा.

पण वस्तूंना तारे मिळाले, घराचे काय? सरकारने २०१८ साली ‘इको निवास संहिता’ काढली. भिंतींतून आणि छतातून घरात उष्णता किती यावी, याची मर्यादा तिने घालून दिली. घरांनाही एक ते पाच तारे देण्याची योजना आहे. पण २०१८ ची ही संहिता पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी होती. आपल्या गावठाणातील दोन खोल्यांच्या घराला तारे द्यायला कोणी येणार नाही.

आणि आपल्याला तर त्याची गरज अधिक. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, भीमेचे पाणी पसरले आणि काठची कितीतरी गावे उठली. त्यांच्याबरोबर जाड मातीच्या भिंतींची, पांढऱ्या मातीच्या माळवदाची घरेही गेली. नव्या गावठाणात पुष्कळांच्या डोक्यावर पत्रा आला. धरणाच्या पायथ्याशी बारा मेगावॅटचे वीजगृह उभे राहिले, पण माळवदाखालचा गारवा तारेतून परत येत नाही. तापलेल्या पत्र्याखाली पाच ताऱ्यांचा पंखा लावला, तरी तो तापलेली हवाच ढवळीत बसणार.

म्हणून माझे म्हणणे असे, की आधी छत पाहावे. पत्र्याला किंवा स्लॅबला फाल्गुनात पांढरा चुना द्यावा. पांढरा रंग ऊन परतवितो. पावसाने तो धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. ऐपत असेल तर पत्र्याखाली तट्ट्याचे किंवा फळ्यांचे आडछत घालावे. मधल्या हवेच्या थराने झळ अडते. आपल्याकडे पत्र्यावर उसाचे पाचट टाकतात. त्याने गारवा येतो, पण ठिणगीची भीती आहे. चुलीच्या धुराड्याजवळ तर ते मुळीच नको. मावळतीच्या भिंतीला कडुनिंबाची किंवा शेवग्याची सावली असावी.

आपल्या मंडळापुढे मी एक सूचना ठेवते. प्रत्येकीने महिन्याच्या एकाच तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहावा. शेजारी माणसे किती, पंखे किती, छत कसले, हेही नोंदवावे. चैत्र-वैशाखात चुना दिलेले घर आणि न दिलेले घर यांत भर दुपारी बसून पाहावे. वर्षाअखेरीस या वह्या एकत्र ठेवल्या, की कोणत्या घराला किती तारे द्यायचे ते आपले आपणच ठरवू.

आणखी एक. घरात पंखा किंवा फ्रिज घ्यायचा ठरला, की आपणही दुकानात जावे आणि पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा. ज्या वस्तूबरोबर दिवस काढायचा, ती निवडताना आपल्याला विचारले गेलेच पाहिजे.