छायाचित्रांतील माउली



जुबिलीच्या या सभेंत दीनांच्या छायाचित्रांविषयीं थोडें बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे. सन १९३६ च्या मार्च महिन्यांत डोरोथिया लँग नामक बाई अमेरिकन सरकारच्या चाकरींत राहून, कॅलिफोर्नियांत देशोधडीस लागलेल्या शेतमजुरांचीं चित्रें घेत हिंडत होत्या. निपोमो येथें वाटाण्याचें पीक गारठ्यानें बुडालें होतें. तोडणीस आलेलीं कुटुंबें अन्नास महाग झालीं होतीं. तेथें एका राहुटींत ३२ वर्षांची माता लेंकरांना जवळ घेऊन बसली होती. बाईंनीं तिचीं कांहीं चित्रें घेतलीं. नांव मात्र विचारलें नाहीं.

चित्रें वर्तमानपत्रांत येतांच सरकारनें त्या तळावर २०,००० पौंड अन्नसामग्री धाडिली. ती माउली तोंवर पोरांसह पुढें निघून गेली होती!

तिचें नांव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. जगास तें १९७८ सालीं कळलें. चित्रापासून आपणांस दमडीहि मिळाली नाहीं, ही तिची तक्रार होती. (चित्र सरकारी मालकीचें, लँगबाईंसहि त्याचें निराळें मोल मिळालें नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे.) चित्र घेणें आम्हांस दोषास्पद वाटत नाहीं, नांव न विचारणें वाटतें. धान्यवाटपाच्या वेळीं आपण रांगेचें चित्र घेतों, तेव्हां त्यांतील कितीजणांचीं नांवें आपणांस ठाऊक असतात?

१९८३ सालीं ती अंथरुणास खिळली. मुलांनीं मदतीची हांक देतांच ३५,००० डॉलरांहून अधिक रक्कम आली, व तिजसवें अनोळखी लोकांचीं पत्रें. तीं वाचल्यावर, शापासारख्या वाटणाऱ्या त्या चित्राचा मुलांस प्रथमच अभिमान वाटला.