हंगाम नसतांना

प्रवासाला निघणारा मनुष्य हल्लीं मुहूर्त पाहत नाहीं, पण हंगाम मात्र अवश्य पाहतो. द्राक्षांच्या मुलखांत जावयाचें तर माघ-फाल्गुनांत जावें, हें कोणीहि सांगेल. मीं मात्र नाशिक जिल्ह्यांतील विंचूर या गांवीं आठ दिवस काढले ते आषाढांत, आणि तेहि गढीच्या शेजारीं एका पडवी गळणाऱ्या जुन्या वाड्यांत. माझा एक विद्यार्थी तिकडे नोकरीस आहे. "गुरुजी, आतां येऊन काय पाहाल? संक्रांतीनंतर या," असें त्यानें कळविलें होतें. पण आमच्या वाशिमाकडे सोयाबीन आणि तूर पेरून झाली होती, आणि निवृत्त शिक्षकाला सर्वच महिने सुट्टीचे. अकोल्यास आगगाडींत बसलों, मनमाडास उतरलों आणि मोटारीनें विंचूर गांठलें.

विंचूर हें विंचूरकर सरदारांचें ठिकाण. घराण्याचे मूळ पुरुष विठ्ठल शिवदेव हे पेशव्यांच्या फौजेंतील नामांकित सरदार. १७६१ च्या पानिपतच्या रणांतून ते जिवंत परतले. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, तरी त्यांच्या वंशजांची जहागीर इंग्रजी अमलांतहि चालू राहिली. गढीच्या जुन्या भिंतींवर त्या दिवसांत गवत माजलें होतें, आणि पाहावयास येणारा परका मनुष्य मी एकटाच.

फ्रान्स देशांत बोर्दो म्हणून द्राक्षांचा प्रांत आहे. तेथें मळेवाल्याच्या गढीला शातो म्हणतात, आणि पुष्कळ बाटल्यांवर त्या गढीचेंच नांव असतें. विंचूरची गढी बांधली गेली ती घोडदळाच्या बळावर. परंतु काळाचा विनोद असा कीं, महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण आंखलें आणि याच विंचुरास वाइन पार्क काढलें. त्या पेयाची चव मला ठाऊक नाहीं. मला कुतूहल होतें तें वेलाचें.

एके दिवशीं उघडीप पडली, तेव्हां शेजारच्या बागाइतदाराबरोबर मी त्याच्या बागेंत गेलों. मांडवावर नुसतीं पानें. त्यानें मला जें समजावलें तें आपणांसहि सांगतों. थंड देशांत हिंवाळ्यांत वेलाचीं पानें झडतात आणि तो झोंपीं जातो. आपल्याकडे त्याला तशी झोंप नाहीं. म्हणून माणसाला वर्षांतून दोनदां कात्री चालवावी लागते. एप्रिलांत होते ती खरड छाटणी. तिच्यानंतर नवी काडी फुटते आणि तिच्या प्रत्येक डोळ्यांत पुढील पिकाचा निर्णय दीड-दोन महिन्यांतच होऊं लागतो. डोळ्याला ऊन आणि काडीला अन्न मिळालें, तर आंत घड धरतो. न मिळालें, तर घडाच्या जागीं नुसता तणावा निपजतो. याला तिकडे घड बाळीवर गेला असें म्हणतात. ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, म्हणजे गोडी छाटणी होते. तेव्हां जें बाहेर पडतें, तें आधींच ठरलेलें असतें.

"मग घड केव्हां येतील?" मीं विचारलें.

"घड आलेत गुरुजी. दिसत नाहींत एवढेंच."

असें म्हणून तो मोरचूद आणि चुना कालवूं लागला. आषाढांतल्या पावसानें पानांवर केवडा पडतो, त्यावर हें औषध. तें गेल्याच्या गेल्या शतकांत बोर्दो प्रांतींच सिद्ध झालें, म्हणून त्याला बोर्डो मिश्रण हें नांव. न दिसणाऱ्या घडासाठीं हा मनुष्य चिखलांत उभा राहून फवारा मारीत होता. त्यानंतरहि भरंवसा नाहींच. मार्च २०१४ च्या गारपिटींत तोडणीला आलेलीं द्राक्षें मातींत मिळालीं. त्यांत वेलाचा काय दोष?

श्रोतेहो, त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मीं अनेक वर्षें मुलांची परीक्षा घेतली ती हंगामांत, म्हणजे वार्षिक निकालाच्या दिवशीं. सातवीच्या वर्गांत एक मुका-मुका मुलगा होता. दिवाळीपूर्वींच मीं त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलें, "याला शाळेंत ठेवून उपयोग नाहीं, कामाला लावा." वडील गरीब, गुरुजींचा शब्द त्यांना प्रमाण. दुसऱ्या दिवसापासून त्याची जागा रिकामी झाली. त्याच्या डोळ्यांत घड धरला होता कीं नव्हता, हें मला आतां कधींच कळणार नाहीं. मीं तो पाहावयास थांबलोंच नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं शाळेचीं प्रगतिपुस्तकें येतात. तीं खोटीं असतात असें मी म्हणत नाहीं. तीं हंगामाचीं असतात, एवढेंच.

निघतांना विद्यार्थी म्हणाला, "आतां माघांत नक्की या." जाईन. पण बाग पाहिली ती आषाढांतच, असें मी त्याला सांगणार आहें.