ग्राफीनचा कच्चा माल



पेन्सिलीतील ग्राफाइट हे कार्बनच्या पापुद्र्यांची चळत असते. एक मिलिमीटर जाडीत असे सुमारे ३० लाख पापुद्रे मावतात. त्यांतील सुटा, एका अणूच्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव यांनी तो चक्क चिकटपट्टीने सोलून काढला आणि २०१० साली ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. पण चिकटपट्टीने टनावारी माल निघत नाही.

तांब्याच्या पातळ पत्र्यावर सुमारे १००० अंश सेल्सिअसला मिथेन वायू सोडला, तर ग्राफीनचा सलग पापुद्रा जमतो. मात्र तो न फाटता तांब्यावरून उचलणे हे जिकिरीचे व खर्चाचे काम आहे. दुसरा मार्ग ग्राफाइट द्रवात घुसळण्याचा. २०१४ साली डब्लिनच्या संशोधकांनी स्वयंपाकघरातील मिक्सर आणि भांडी घासण्याचा साबण एवढ्यावर ते करून दाखवले! परंतु यात पापुद्रे लहान-मोठे निघतात आणि बरेचसे ग्राफाइट न सुटताच राहते.

येथेच खरी अडचण आहे. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१८ साली ६० उत्पादकांचे नमुने तपासले, तेव्हा बहुतेकांत ग्राफीनचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी भरले. उरलेले होते बारीक ग्राफाइट. अनुवादकाला एक शब्द चुकला तर बोल लागतो. व्यापाराला ही मुभा कोणी दिली, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

कच्च्या मालाचा तुटवडा मात्र नाही. अमेरिकेतील राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने २०११ साली बिस्किटापासून, इतकेच काय, झुरळाच्या पायापासूनही ग्राफीन केले. २०२० साली त्याच गटाने कोळसा, प्लॅस्टिक, जुने टायर व खरकटे यांतून विजेचा जोरदार झोत सोडला. क्षणार्धात तापमान २७०० अंशांवर गेले आणि ग्राफीनची भुकटी हाती आली. तिचे थर एकमेकांवर नीट बसलेले नसतात, म्हणून ते सहज सुटतात. सिमेंटमध्ये मिसळायला हे सोयीचे आहे. सलग पापुद्रा लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना ही भुकटी निरुपयोगी. त्यांना मिथेनचाच मार्ग धरावा लागतो.

शिवाय कचरा फुकट मिळाला तरी एकजिनसी मिळत नाही. टायरमध्ये गंधक व जस्त असते, काही प्लॅस्टिकांत क्लोरीन, खरकट्यात पाणी. आज आलेल्या ढिगासाठी बसवलेली विजेची मात्रा उद्याच्या ढिगाला लागू पडेलच असे नाही. प्रत्येक घाण्यानंतर थर पुन्हा मोजावे लागतात.