फिरकीचा तांब्या



शिक्षणावर बोला, असे चालकांनी मला सांगितले. पण शिक्षणावर अधिकाराने बोलणारी माणसे या व्यासपीठावर येऊन गेली आहेत. मी आपली एकाच दिवसावर बोलणार आहे. तो माझ्या शाळेचा पहिला दिवस. साल १९५७, महिना जूनचा, गाव नगर (आता ते अहिल्यानगर झाले आहे) आणि शाळा मिशनची.

नगरला मिशनची शाळा म्हणजे काही नवलाई नव्हती. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईस आल्या, १८३९ पासून नगरला राहिल्या आणि १८६२ साली तेथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतः तशी शाळा काढली. हा इतिहास माझ्या वडिलांना ठाऊक होता, म्हणून त्यांनी माझे नाव घातले. आजीला दुसराच इतिहास ठाऊक होता. पाद्र्याच्या शाळेत पोर गेले की ते बाटते.

आजीला हसू नका. त्या धास्तीला शंभराहून अधिक वर्षांचे मूळ होते. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाचा एक मुलगा आपल्या थोरल्या भावापाठोपाठ मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. भाऊ ख्रिस्ती झाला; श्रीपत अज्ञान, म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तरीही त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून रण माजले. प्रायश्चित्त देऊन घ्यावे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही लोकांचा रोष पत्करावा लागला. आता पाहा, पोराने देव कोणता मानला, यावर तो वाद फारसा नव्हताच. तो कोणाच्या घरी जेवला, यावर होता.

मला हे सारे पुष्कळ उशिरा कळले. त्या दिवशी मी सहा वर्षांची होते. आजीने माझ्या हाती पितळेचा फिरकीचा तांब्या दिला आणि बजावले, “तिथल्या माठाला शिवायचं नाही. अन् ह्याला कुणाला शिवू द्यायचं नाही.” सांडू नये म्हणून तिने फिरकी अशी गच्च आवळली की विचारू नका.

वर्गात बाई होत्या पांढऱ्या पातळातल्या. त्यांनी नाव विचारले, पाटीवर लिहून दाखवले. मग प्रार्थना झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी एक मिटला, एक उघडा ठेवला. आजीच्या आज्ञेत डोळ्यांचा उल्लेख नव्हता, तेव्हा अर्धेअर्धे बरे वाटले. त्यानंतर सगळ्यांनी एक गीत म्हटले.

मधल्या सुट्टीत तहान लागली. तांब्या काही उघडेना. पोटाशी धरून पाहिला, गुडघ्यांत धरून पाहिला. शेजारची पोरे माठातले पाणी घटाघटा पीत होती. मला रडू कोसळले. बाई आल्या, त्यांनी हात पुढे केला, आणि मी तांब्या छातीशी घट्ट धरून मागे सरकले.

बाई थांबल्या. त्यांनी काही विचारले नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. “डावीकडं फिरव. तशी नव्हे, पदर धर त्याच्यावर... पदर कुठला, परकराचा घोळ धर. हं, आता.” फिरकी फिरली. मी पाणी प्याले. बाई उठून गेल्या. ते पाठीमागे बांधलेले हात मला अजून दिसतात. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. सहा वर्षांच्या पोरीने काय करावयास हवे, हे त्या बाईंना अनुभवाने ठाऊक असावे.

घरी आल्यावर आजीने दारातच विचारले, “कुणी शिवलं नाही ना?” मी नाही म्हटले. खरेच होते ते. आजी समाधानाने आत गेली.

संध्याकाळी मी शाळेतले गीत गुणगुणत होते. शब्द निम्मे चुकीचे, पण चाल बरोबर. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची परंपरा. त्यांनी ख्रिस्ताची गाणी अभंग-ओवीच्या वळणावर बांधली होती. आजी वाती वळीत होती. ऐकता ऐकता तिने मान डोलावली, आणि दुसऱ्या खेपेला स्वतःच सूर धरला. मी म्हटले, “हे बाईंनी शिकवलं.” आजी म्हणाली, “असू दे. चाल आपलीच आहे.”

मग मी तिला फिरकीची हकीगत सांगितली, बाईंच्या हातांसकट. तिच्या हातातली वात तशीच राहिली. बराच वेळ ती बोलली नाही. वडिलांनी पेपरातून मान वर काढून तिच्याकडे पाहिले, आणि पुन्हा पेपरात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तांब्या भरला. फिरकी मात्र सैल लावली. वाटेत पाणी सांडून माझे दप्तर भिजले. तसे ते दिवाळीपर्यंत रोज भिजत होते. सुट्टीनंतर शाळेला निघाले तेव्हा तांब्या फडताळात होता. मी विचारले, तर आजी म्हणाली, “जड होतो तुला.”