गाडी नंतर, मुक्काम आधी

इथे सर्जापूर रोडला आम्हा निवृत्तांचा एक आवडता विषय आहे: मोटरहोम घ्यावं का? फौजेत ताफा निघण्याआधी विचारलं जातं, रात्री गाड्या कुठे थांबणार? मोटरहोमचा बाजारही बराचसा त्यावरच ठरतो.

अमेरिकेत रुंद रस्ते, मोठी कॅम्पग्राउंड. तिथे बसएवढी मोटरहोमही खपतात. युरोपात साध्या कारच्या परवान्याला वर्षानुवर्षं ३.५ टनांची मर्यादा, म्हणून बहुतेक गाड्या त्या वजनात बसवलेल्या. जपानमध्ये गल्ल्या अरुंद. तिथे जेमतेम ३.४ मीटर लांबीच्या, ६६० सीसीच्या ‘केई’ गाड्यांवरही कॅम्पर बांधतात. शिवाय रस्त्यालगतच्या ‘मिचि-नो-एकी’ थांब्यांवर पार्किंग आणि स्वच्छतागृह चोवीस तास मोफत.

आपल्याकडे? महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन धोरण आणलं. पण वीज, पाणी, सांडपाण्याची सोय असलेले तळ मोजकेच. जुनी व्हॅन मनाप्रमाणे बदलावी, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आणि सोसायटीच्या तळघरात उंच गाडी शिरणार कशी?

म्हणून सांगतो, पेन्शनची पुंजी गुंतवण्याआधी आठवडाभर भाड्याने घेऊन फिरा. रोजचा मुक्काम कुठे झाला, ते वहीत लिहा. ती वहीच सांगेल, गाडी घ्यायची की नाही. जय हिंद.